हप्त्याच्या कर्जाचा खरा व्याजदर कसा काढायचा

‘वर्षाला फक्त १२ टक्के’ ऐकून सही करण्याआधी एकच विचारा: हा दर फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर) आहे की घटत्या शिलकीवरचा, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावरचा? एकाच आकड्याचे हे दोन अर्थ आहेत आणि त्यांत जवळपास दुपटीचा फरक पडतो.

समजा, १२ महिन्यांसाठी १,२०,००० घेतले. फ्लॅट पद्धतीत व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लागतं. म्हणजे १४,४०० व्याज, एकूण परतफेड १,३४,४०० आणि महिन्याचा हप्ता ११,२००. पण मुद्दल तर दरमहा १०,००० नं फिटत असतं! पहिल्या महिन्यात तुमच्याकडे १,२०,००० असतात, शेवटच्या महिन्यात जेमतेम १०,०००. वर्षभराची सरासरी निघते ६५,०००. त्या ६५,००० वर १४,४०० व्याज म्हणजे ढोबळमानानं २२ टक्के. हाच १२ टक्के दर घटत्या शिलकीवर असता, तर हप्ता सुमारे १०,६६२ बसला असता आणि एकूण व्याज ८,००० च्या आत राहिलं असतं.

नेमका आकडा हवा असेल तर मोबाइलवरच्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये (आकडेमोडीच्या तक्त्याच्या ॲपमध्ये) ‘रेट’ (=RATE) हे फंक्शन, म्हणजे तयार सूत्र, वापरा. कंसात क्रमानं तीन गोष्टी भरायच्या: हप्त्यांची संख्या, हप्त्याची रक्कम (उणे चिन्ह लावून) आणि हातात आलेली रक्कम. इथे १२, -११२००, १२००००. येणारं उत्तर महिन्याच्या दराचं असतं. त्याला १२ नं गुणलं की वर्षाचा दर मिळतो, इथे सुमारे २१.५ टक्के. उणे चिन्ह विसरलात तर उत्तराऐवजी चूक दाखवली जाईल. उत्तर नुसतं ‘२%’ दिसलं तर दशांश स्थळं वाढवा, कारण ते १.७९ चं पूर्णांकात दाखवलेलं रूप असतं.

सगळ्यात जास्त चुका तिसऱ्या आकड्यात होतात. तिथे मंजूर झालेली नव्हे, खात्यात प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम लिहायची. २ टक्के प्रोसेसिंग फी आधीच कापली, तर हातात १,१७,६०० येतात आणि तोच दर २५.४ टक्क्यांवर जातो. कर्जासोबत सक्तीचा विमा गळ्यात मारला असेल तर त्याचा हप्ताही इथेच वजा करा. पहिला हप्ता कर्ज देतानाच कापून घेतला असेल, तर तो रकमेतून वजा करून हप्त्यांची संख्या ११ धरा.

‘बिनव्याजी’ हप्त्यांनाही हीच चाचणी लावा. वस्तू ५,००० च्या १२ हप्त्यांत मिळतेय, पण एकरकमी रोख दिल्यास ५७,००० ला पडते, असं असेल तर तिसरा आकडा ५७,००० घ्या. सुमारे साडेनऊ टक्के व्याज निघेल. म्हणून आधी रोखीचा भाव विचारावा, हप्त्यांचं नंतर बोलावं. उलट क्रमानं विचारलं की सवलतीचा विषयच निघत नाही.

मुदतीआधी कर्ज फेडायचा विचार असेल तर सहाव्या महिन्याअखेर नेमकी किती रक्कम भरून खातं बंद होईल, हे सहीआधी लेखी घ्या. फ्लॅट कर्जात काही ठिकाणी उरलेल्या महिन्यांचं व्याजही वसूल करतात. तशी अट असेल तर लवकर फेडून काहीच वाचत नाही, आणि मला विचाराल तर असं कर्ज घेऊच नये.