लायब्ररीची तयारी: कॅम्पसबाहेरचं लॉगिन आधी चालू करा

विद्यापीठात प्रवेश झाला की लायब्ररीची कामं पहिल्याच आठवड्यात उरकून टाका. आयडी कार्ड, फोटो, फीची पावती हे काही सांगायला नको. फी भरली म्हणजे सदस्यत्व आपोआप सुरू झालं, असं मात्र धरून चालू नका. बऱ्याच ठिकाणी काउंटरवर जाऊन कार्ड चालू करून घ्यावं लागतं.

आणि त्याच काउंटरवर, त्याच फेरीत, कॅम्पसबाहेरून डेटाबेस (जिथे जर्नलमधले पेपर वाचायला मिळतात) उघडायचं लॉगिन मागून घ्या. मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहायला सुट्टीत घरी गेलो, तर एक पेपर उघडेना. काउंटर बंद, मेलला उत्तर नाही, आणि मुदत काही थांबत नाही. कॅम्पसच्या वाय-फायवर असताना जर्नलच्या वेबसाइटला विद्यापीठाचा आयपी पत्ता दिसतो, म्हणून ती पासवर्ड न विचारता पीडीएफ देऊन मोकळी होते. त्यामुळे ते पेपर सगळ्यांनाच खुले आहेत असं वाटत राहतं. तसं नसतं, लायब्ररीने वर्गणी भरलेली असते. गेटच्या बाहेर गेलात की तीच वेबसाइट तुमच्याकडे पैसे मागते. तेव्हा बाहेरून उघडायला लायब्ररी प्रॉक्सी देते, व्हीपीएन देते (दोन्हींमुळे वेबसाइटला तुम्ही विद्यापीठाच्याच नेटवर्कवर आहात असं दिसतं) की संस्थेचं लॉगिन, ते काउंटरवर विचारा आणि लिहून ठेवा.

नुसतं चालू करून भागत नाही, तपासा. मोबाइलचं वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटावर या, लायब्ररीच्या पानावरून एखादं वर्गणीचं जर्नल उघडा आणि पूर्ण पीडीएफ उतरवून बघा. गोषवारा दिसला म्हणजे झालं असं समजू नका, तो कुणालाही दिसतो. शेवटचं पान उघडेपर्यंत काम झालेलं नाही. गूगल स्कॉलरच्या सेटिंगमध्ये लायब्ररी लिंक्स असतात, तिथे आपलं विद्यापीठ यादीत असेल तर निवडून ठेवा. शोधलेल्या पेपरशेजारीच लायब्ररीतून मिळवायचा दुवा येतो.

आता पुस्तकं. कॅटलॉगमध्ये नाव सापडलं की कॉल नंबर (पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा क्रमांक) पूर्ण उतरवून घ्या, लेखकाच्या नावाच्या अक्षरांसकट. पुस्तकांना विषयानुसार आकडे देणाऱ्या ड्यूई पद्धतीत, जी 1876 पासून चालत आली आहे, 891.46 म्हणजे मराठी साहित्य. नुसत्या तेवढ्या आकड्यावर कपाटंच्या कपाटं भरलेली असतात. शिवाय दशांशचिन्हानंतरचा भाग एकेक अंक करून वाचायचा: 512.13 हे 512.2 च्या आधी लागतं. 'तेरा' म्हणजे दोनच्या पुढे असं समजून शोधत बसलात तर पुस्तक जागेवर असूनही हात हलवत परत याल. कॅटलॉगमध्ये 'उपलब्ध' दिसतंय आणि कपाटात नाही, तर आधी आजूबाजूला बघा, मग परत आलेल्या पुस्तकांच्या ट्रॉलीवर, मग काउंटरला सांगा. पण सांगा. न सांगता निघून गेलात तर ते हरवलेलं कुणाला कळणारही नाही.

संदर्भ विभागातली पुस्तकं घरी मिळत नाहीत, त्यासाठी वेळ काढूनच बसावं लागतं. आपल्याकडे नसलेलं पुस्तक दुसऱ्या लायब्ररीतून मागवता येतं. मात्र त्याला दिवस लागतात, तेव्हा परीक्षेच्या तोंडावर अर्ज करून उपयोग नाही. आपल्या विषयाचे ग्रंथपाल कोण हे विचारून ठेवा. शोध कसा करायचा ते शिकवणं हे त्यांचं कामच आहे, आणि विद्यार्थी विचारायलाच जात नाहीत.

वाचनकक्षाची वेळ आणि देवघेवीची वेळ वेगळी असते. रात्री कक्ष उघडा असतो, पुस्तक मात्र मिळत नाही. बॅग बाहेर ठेवावी लागत असेल तर पाकीट आणि लॅपटॉप सोबत घ्या. चार्जर, एसीचा गारवा लागू नये म्हणून काहीतरी अंगावर घ्यायला. बस.

परीक्षेआधी पुस्तकं रिन्यू करा. दुसऱ्या कुणी आरक्षण टाकलं असेल तर बहुतेक ठिकाणी रिन्यू होत नाही, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. आणि सुट्टीला निघण्याआधी ते लॉगिन पुन्हा तपासा. हो, पुन्हा. पासवर्डची मुदत संपते, कधी कधी सत्र बदललं की खातंच बंद होतं. मोबाइल डेटा, एक पीडीएफ, शेवटचं पान.

शेवटच्या वर्षी: पुस्तकं परत, दंड भरा, पावती जपा, नो ड्यूज (काही देणं बाकी नाही असा दाखला) वेळेत. झोटेरोसारख्या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जमवलेले संदर्भ विद्यापीठाच्या मेलवर असतील तर स्वतःच्या मेलवर हलवा. लागणारे पेपर आधीच उतरवून ठेवा, कारण नाव कमी झालं की लॉगिनही बंद होतं.