शिखरे दोन, संयुग एकच

गोव्यातील चोडण बेटावरील खारफुटीच्या चिखलातून वेगळ्या केलेल्या स्ट्रेप्टोमायसीस जीवाणूचा अर्क मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) तपासताना मला ६०१.३६ आणि ६२३.३४ अशी दोन ठळक शिखरे दिसली, आणि संयुगे दोन आहेत या समजुतीने मी आठवडाभर दोहोंचाही माग काढत राहिलो. दोन्ही अगदी एकाच वेळी, अर्कातले घटक वेगळे करणाऱ्या स्तंभातून बाहेर पडतात, याकडे मात्र माझे लक्ष गेले नव्हते.

शिखरांमधला फरक २१.९८ होता. यंत्रात रेणूला चिकटणाऱ्या प्रोटॉनच्या जागी सोडियम आला की नेमका एवढाच फरक पडतो. जीवाणू समुद्राच्या पाण्यात वाढवलेला होता (म्हणजे मी जणू मिठागरच यंत्रात ओतत होतो), शिवाय द्रावक काचेच्या बाटलीत साठवलेला होता आणि काचेतूनही सोडियम उतरतो. सोडियम चिकटलेला आयन (विद्युतभारित रेणू) यंत्रात नीट तुटत नाही, त्यामुळे तुकड्यांवरून ओळख पटत नव्हती.

अर्क सी-१८ कार्ट्रिजवर (संयुग धरून ठेवून मीठ वाहून जाऊ देणाऱ्या छोट्या नळीवर) चढवून पाण्याने दोनदा धुतला, मिथेनॉलने उतरवला आणि द्रावकात ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल (प्रोटॉन पुरवण्यासाठी) घातले, तेव्हा ६२३.३४ चे शिखर जवळजवळ मावळले. उरलेल्याच्या तुकड्यांवरून ते डेसफेरिओक्सामिन ई हे लोह पकडणारे संयुग असल्याचे दिसले. खात्रीसाठी फेरिक क्लोराइडच्या द्रावणाचा थेंब टाकला. अर्क नारिंगी झाला आणि संयुगाने लोह पकडल्यामुळे शिखर ६५४.२७ वर सरकले.