सार्वजनिक प्रशासनाच्या संशोधनात लिनिअर प्रोग्रॅमिंग कसं वापरावं

लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणजे ठरलेल्या मर्यादांत राहून एखादी गोष्ट जास्तीत जास्त किंवा कमीत कमी करणारं वाटप शोधण्याचं गणित. प्रश्न वाटपाचा असेल तरच ही पद्धत घ्या: निधी, माणसं, वेळ तुटपुंजा आणि मागणारे अनेक. कर्मचाऱ्यांचं मनोबल का घसरतं, याचं उत्तर तिच्याकडे नाही; प्रबंध भारदस्त दिसावा म्हणून घुसडू नका. शाळा किंवा दवाखान्यांच्या कार्यक्षमतेची तुलना करायची असेल, तर 1978 मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी मांडलेलं डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस पाहा. तेही याच गणितावर उभं आहे.

आधी निर्णय चलं लिहा, म्हणजे जे आकडे तुम्हाला ठरवायचे आहेत ते: कोणत्या भागात किती लोकांपर्यंत सेवा पोचवायची.

आता उद्दिष्ट फल, म्हणजे जे जास्तीत जास्त किंवा कमीत कमी करायचं त्याचं सूत्र. घोडं इथेच अडतं. कारखान्याकडे नफा असतो, सरकारी खात्याकडे नसतो. मग लोक खर्च, वेळ आणि समाधान यांना 0.5, 0.3, 0.2 असे भार देऊन बेरीज मारतात. कृपा करून हे करू नका. भार तेच ठेवून वेळ मिनिटांऐवजी तासांत मोजला, तरी उत्तर बदलू शकतं. असल्या उत्तरावर धोरण कसं ठरवणार?

उद्दिष्ट एकच ठेवा, बाकी सगळं अटींत घाला. समजा, 'जास्तीत जास्त लोकांना सेवा' हे उद्दिष्ट आहे. जवळच्या भागात माणशी खर्च 100, दुर्गम भागात 300. नुसतं एवढंच सांगितलंत, तर जवळची मागणी संपेपर्यंत दुर्गम भागाला शून्य मिळतं. गणिताचा यात दोष नाही. समन्याय हवा हे तुम्ही त्याला सांगितलंच नाही. म्हणून अट घाला: प्रत्येक भागातल्या किमान 40 टक्के लोकांना सेवा.

या अटीची शॅडो प्राइस, म्हणजे अट एका एककाने बदलली तर उद्दिष्टाचा आकडा किती बदलतो ते, वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. निधी पुरता वापरला गेला असेल आणि जवळची मागणी शिल्लक असेल, तर दुर्गम भागातला एक माणूस वाढवला की जवळचे तीन सेवेविना राहतात. एकूण संख्या दोनने घटते. समन्यायाची ही किंमत म्हणजेच तुमचा निष्कर्ष. ती द्यायची की नाही, हे लोकप्रतिनिधी ठरवतील, सॉल्व्हर (गणित सोडवणारं सॉफ्टवेअर) नव्हे. हा आकडा ठरावीक पल्ल्यातच खरा असतो, तेव्हा सॉल्व्हर उत्तरासोबत देतो त्या सेन्सिटिव्हिटी रिपोर्टमधला तो पल्लाही छापा.

सोडवणं सोपं आहे: एक्सेलचा सॉल्व्हर उघडा, त्यात 'सिम्प्लेक्स एलपी' ही पद्धत निवडा, चलं ऋण नकोत असं सांगा.

उत्तरच नाही असं आलं, तर अटी एकमेकींवर आदळताहेत. वाटेल ती अट गुपचूप काढू नका. अट किती अपुरी राहते ती तूट मोजणारं चल जोडा आणि ती तूट अहवालात दाखवा.

वाहनं किंवा पदं वाटायची असतील, तर 3.6 चे 4 करून मोकळे होऊ नका. पूर्णांकाची अट घालूनच सोडवा, आणि तिथे शॅडो प्राइसवर विसंबू नका.