पश्चिम घाटातील पक्षीसहली: या चुका टाळा

गेली चौदा वर्षे मी पुण्या-मुंबईच्या पक्षीनिरीक्षकांचे लहान गट घेऊन गोव्यातील तांबडी सुर्ल, कर्नाटकातील गणेशगुडी आणि केरळमधील तट्टेकाड येथे जात आहे. या काळात जंगले थोडी बदलली, कॅमेरे पुष्कळ बदलले, पण चुका आहेत तशाच राहिल्या. उद्या सकाळी कोण कुठे चुकणार, हे मला बहुतेक वेळा आदल्या रात्रीच्या जेवणातच कळते. मोबाइलमधील यादी पुढे करून ‘एवढे बारा पक्षी मिळाले की आपण मोकळे’ असे जो म्हणतो, त्याला त्या बारांपैकी चार मिळाले तरी खूप झाले.

सर्वांत अधिक आढळणारी आणि सर्वांत सहज टाळता येण्याजोगी चूक दुर्बिणीची असते. लोक चाळीस-पन्नास हजारांची दुर्बीण घेतात, पण ती आपल्या डोळ्यांना बसवून घेत नाहीत. तट्टेकाडच्या एका सहलीत ठाण्याचे एक गृहस्थ होते. दोन दिवस त्यांची एकच तक्रार होती की दुर्बीण सदोष निघाली आणि दुकानदाराने फसवले. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या स्थानिक वाटाड्याने, ज्याला आम्ही सगळे चेट्टा म्हणतो, एका दाट झुडपाजवळ हात वर करून आम्हाला थांबवले. पंधरा फुटांवर, वेलींच्या गुंत्यात, श्रीलंकन फ्रॉगमाउथची जोडी एकमेकांना चिकटून झोपली होती. नर राखट, मादी तांबूस आणि दोघेही हुबेहूब वाळक्या पानांसारखे. सगळ्यांनी पाहून घेतले. हे गृहस्थ मात्र ‘पाने दिसतात, पक्षी कुठे आहे?’ असेच विचारत राहिले. शेवटी मी त्यांची दुर्बीण हातात घेतली. उजव्या नळीवरील कडे एका टोकापर्यंत फिरलेले होते. प्रवासात बॅगेत घासून फिरले असावे. ते जागेवर आणून दुर्बीण परत दिली. ते मिनिटभर काहीच बोलले नाहीत आणि मग हळूच म्हणाले, ‘अहो, हे दोन आहेत?’

हे कडे दोन डोळ्यांच्या नजरेतील फरक भरून काढण्यासाठी असते आणि ते लावायला एक मिनिट पुरते. वीस-पंचवीस पावलांवरील एखादी पाटी निवडावी. उजवी काच तळहाताने झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी अक्षरे स्पष्ट करून घ्यावीत. मग डावी काच झाकावी आणि मधल्या चाकाला हात न लावता केवळ उजव्या कड्याने तीच अक्षरे स्पष्ट करावीत. त्यानंतर दिवसभर फक्त मधले चाक फिरवायचे. मी स्वतः माझ्या कड्यावर आणि नळीवर समोरासमोर पांढऱ्या नेलपॉलिशचे दोन ठिपके लावून ठेवले आहेत. गाडीतून उतरताच ते जुळलेले आहेत की नाहीत, हे पाहण्याची सवय हाताला लागली आहे. चष्मा वापरणाऱ्यांनी डोळ्यांजवळची रबरी वर्तुळे खाली करून घ्यावीत. अन्यथा निम्मेच चित्र दिसते आणि तो दोषही दुकानदाराच्या माथी मारला जातो.

दुर्बिणीचीच आणखी एक गोष्ट. वातानुकूलित खोलीत रात्रभर ठेवलेली दुर्बीण पहाटे दमट जंगलात बाहेर काढली की काचांवर बाष्प धरते. मग लोक ती टी-शर्टने पुसतात, ती पुन्हा धूसर होते, ते पुन्हा पुसतात आणि पहिली पंधरा मिनिटे, म्हणजे सकाळची सर्वांत मोलाची वेळ, या खटाटोपात जाते. काचेवर ओरखडे पडतात ते वेगळेच. माझी दुर्बीण आणि कॅमेरा रात्री वातानुकूलित खोलीत नसतातच. ज्या खोलीत नुसता पंखा असेल, तिथे बंद पिशवीत ती निजतात. हे जमत नसेल, तर निदान निघण्याच्या तासभर आधी बंद पिशवी व्हरांड्यात आणून ठेवावी. दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण आठपटीपेक्षा चांगली असते, हा समज नवशिक्यांनी सोडून द्यावा. सदाहरित जंगलाच्या अंधारात 8 गुणिले 42 ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि पुढची काच 42 मिलिमीटर रुंद असलेली दुर्बीण डोळ्यात अधिक उजेड पोहोचवते आणि हातही कमी हलतो.

पक्षी दाखवताना ‘तिकडे, त्या झाडावर’ असे म्हणू नये. जंगलात झाडांखेरीज काही नसते. बुंधा सांगावा, दुबेळके सांगावे, मग झाडाच्या शेंड्याला बारा वाजले आहेत असे धरून घड्याळाच्या भाषेत फांदी सांगावी. पाहणाऱ्याने आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी पकडावा आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणावी.

आता माझ्या मनाला सर्वांत अधिक लागलेल्या चुकीविषयी. धनेशाचे घरटे पाहायला जाणे हा आजकाल सहलींचा मुख्य कार्यक्रम झाला आहे. या पक्ष्याचे वैशिष्ट्य असे, की मादी झाडाच्या ढोलीत जाते आणि तोंड आतून लिंपून घेते. केवळ चोच बाहेर येईल एवढी फट उरते. आत असताना तिची उडण्याची पिसे गळतात, त्यामुळे तिला मनात आले तरी बाहेर पडून उडता येत नाही. तिचे आणि पुढे पिल्लांचे पोट पूर्णपणे नराच्या फेऱ्यांवर अवलंबून असते. म्हणजे त्या झाडाखाली उभा राहणारा माणूस एका कुटुंबाच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा असतो.

काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात कर्नाटकातील काळी नदीच्या खोऱ्यात मी अकरा जणांचा गट घेऊन गेलो होतो. मलबारी कवड्या धनेशाच्या घरट्यापाशी आम्ही पोहोचलो तेव्हा दुसरा एक गट आधीच झाडापासून वीस पावलांवर तिवया लावून बसला होता. आमच्यातील काही जणांनी आग्रह धरला की ते बसले आहेत, तर आपणही तिथेच बसावे; मी त्यांना मागे घ्यायला हवे होते, पण घेतले नाही. सकाळी आठच्या सुमारास नर आला. गळा फळांनी टच्च भरलेला स्पष्ट दिसत होता. तो समोरच्या झाडावर बसला, मान वाकडी करून खाली पाहू लागला, या फांदीवरून त्या फांदीवर गेला आणि चाळीस मिनिटांनी तसाच भरल्या गळ्याने उडून गेला. ढोलीच्या फटीतून मादीच्या चोचीचे टोक दोनदा बाहेर आले आणि आत गेले. कॅमेऱ्यांचे आवाज मात्र थांबले नाहीत.

मग मी माझ्या गटाला उठवले. दोघे रागावले. एकाने ‘पैसे कशाचे भरले?’ असे विचारले. दुसऱ्या गटाच्या वाटाड्याला मी बाजूला घेऊन बोललो. त्या बिचाऱ्यालाही मनातून तेच हवे होते, पण जवळून फोटो मिळाला नाही तर बक्षिसी मिळत नाही, हे त्याचे दुखणे होते. अखेर सगळेच मागे सरलो आणि बांबूच्या बेटाआड, साठ-सत्तर पावलांवर जमिनीवर बसलो. पाऊण तासाने नर परतला आणि या वेळी सरळ ढोलीवर उतरला. शेपटी बुंध्याला टेकवून तो एक झटका देई, चोचीच्या टोकाशी एक उंबर येई, ते फटीतून आत जाई. पुन्हा झटका, पुन्हा उंबर. मी तेवीसपर्यंत मोजले. रागावलेल्या गृहस्थांनी नंतर मला तोच फोटो पाठवला, पण त्यावर काही लिहिले नव्हते.

तेव्हापासून माझ्या गटापुरते नियम ठरलेले आहेत. घरट्यावर जायचे तर सहापेक्षा अधिक माणसे नेत नाही, आडोसा नसेल तर थांबत नाही आणि नर येऊन बसला व दहा मिनिटांत घरट्याकडे वळला नाही, तर चूक आपली आहे असे समजून निघतो. वाटाड्याची बक्षिसी मी पहिल्याच दिवशी, पक्षी दिसण्यापूर्वी देतो. हे व्यवहारात वेडेपणाचे वाटेल, पण त्यामुळे त्याला ‘नाही’ म्हणता येते.

मोबाइलवरून किंवा खिशातील स्पीकरवरून पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणे ही याच उतावीळपणाची दुसरी तऱ्हा होय. पावसाळ्याच्या तोंडावर कोकणात प्रजननासाठी आलेला नवरंग आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी घुसला असे समजून धावत येतो, चारा शोधणे सोडतो, उघड्यावर उभा राहून ओरडतो. तो आपल्याला ‘पोझ’ देत नसतो, भांडायला आलेला असतो. वास्तविक नवरंगाला वाजवून बोलावण्याची गरजच नाही. तमिळमध्ये त्याचे एक नाव ‘आरु मणी कुरुवी’, म्हणजे सहा वाजताचा पक्षी, असे आहे. पहाटे आणि सांजेला तो आपणहून शीळ घालतो. पण त्यासाठी सहा वाजता हजर राहावे लागते आणि विश्रामगृहातील न्याहारी साडेआठला असते. मी गटाला रात्रीच केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि थर्मासमधला चहा देऊन ठेवतो. साडेनऊनंतर जंगल मिटू लागते. पोटभर पोहे तेव्हा खावेत.

आवाजावरून पक्षी ओळखणारे अॅप उपयोगाचे आहे, मीही वापरतो. परंतु त्याने नाव दाखवले म्हणजे पक्षी ‘झाला’, असे नव्हे. भृंगराज हा कोतवालाच्या कुळातील पक्षी इतरांच्या आवाजांची बेमालूम नक्कल करतो. तांबडी सुर्लच्या देवळामागे अशाच एका भृंगराजाच्या भरवशावर आमच्यातील एका तरुणाने दहा मिनिटांत चार जातींची नोंद केली होती. मी त्याला भृंगराज दाखवला, तेव्हा त्याच्या शेपटीच्या दोन लांब तारा पाहून तो खूश झाला; नोंदी खोडायला मात्र संध्याकाळपर्यंत तयार नव्हता.

हंगाम न पाहता सहल ठरवू नये. जानेवारीत कर्नाळ्याला येऊन ‘तिबोटी खंड्या दाखवा’ म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो. तो कोकणात जूनच्या पावसाबरोबर येतो.

गोव्यात चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात किंवा जुवारी नदीत होडीतून खारफुटी पाहायला जाणारे लोक वेळ ठरवतात ती आपल्या सोयीने. भरती-ओहोटीचा विचार कोणी करत नाही. पाणी भरलेले असताना चिखल बुडालेला असतो आणि तुतवारांसारखे चिखलात टिपणारे पक्षी इतरत्र गेलेले असतात. कोकणातील जुना हिशेब येथे कामी येतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी असते. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास चिखल उघडा. एकादशीला मात्र सव्वाआठलाच पाणी काठोकाठ. मी आरक्षण करण्यापूर्वी कालनिर्णय उघडतो, आणि होडीवाले बाब हे पाहून हसतात. त्यांना ते न पाहताच ठाऊक असते.

गणेशगुडीला पक्ष्यांच्या अंघोळीसाठी केलेल्या लहान पाणवठ्यांसमोर बसताना बूड हलवू नये, एवढेच पुरे. पांढरे, भडक आणि चुरचुर वाजणारे कपडे घरी ठेवावेत. डासांसाठीच्या मलमात डीईईटी असेल, तर ते लावल्यावर हात पुसूनच दुर्बीण धरावी; हे रसायन प्लास्टिक आणि रबर खराब करते, आणि माझ्या पहिल्या दुर्बिणीची पकड त्यामुळेच चिकट होऊन गेली.

शेवटची चूक प्रकृतीची आहे आणि तिच्याबाबत मी थट्टा करत नाही. पावसात जळवांना घाबरणारे लोक कोरड्या महिन्यांत हाफपँट घालून पालापाचोळ्यात बसतात. जळू रक्त पिऊन सुटून जाते. गोचीड मात्र माकडताप देऊ शकते. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला हा आजार आता गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग, सावंतवाडीच्या पट्ट्यातही आढळतो. पूर्ण लांबीची पँट मोज्यांत खोचावी, मेलेले माकड दिसल्यास त्याच्या जवळपासही फिरकू नये, परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत आणि गुडघ्यांमागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड चिकटली आहे का ते तपासावे. घरी पोहोचल्यावर आठवडाभरात ताप आणि जोरात डोकेदुखी सुरू झाली, तर ‘प्रवासाचा शीण असेल’ म्हणत बसू नये. डॉक्टरांकडे जावे आणि आपण कोणत्या तालुक्यातील जंगलात होतो, हे त्यांनी विचारण्याआधीच सांगावे.