खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या माशांना पांढरे ठिपके आले तर

मुंबईहून आणलेला क्लाउनफिश पुण्यात आल्यावर चार दिवसांत अंगावर मीठ भुरभुरल्यासारखा दिसायला लागला तर समजा मरीन इच, म्हणजे क्रिप्टोकॅरियॉन नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होणारा आजार. ठिपके काही दिवसांत आपोआप गळतात आणि आपण खूश होतो, पण हा परजीवी तळाशी जाऊन गाठ बनवतो, त्यातून शेकडो पिल्लं निघतात आणि परत माशाला चिकटतात. औषध, म्हणजे कॉपर (तांबं), फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर चालतं, म्हणून ट्रीटमेंट मध्येच सोडायची नाही!

सगळे मासे वेगळ्या, वाळू-दगड नसलेल्या टँकमध्ये हलवा, कारण दगड कॉपर शोषतात आणि कोरल, कोळंबी तर कॉपरने मरतातच. साधं कॉपर असेल तर लिटरला 0.15 ते 0.20 मिलीग्रॅम, कमीत कमी 3 आठवडे, टेस्ट किटने रोज मोजून (चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रसायनाशी बांधलेल्या कॉपरचा डोस वेगळा, बाटलीवरचा बघा). अंदाजे थेंब टाकू नका प्लीज. एअर पंप जोरात ठेवा, लाईट जाते तेव्हासाठी बॅटरीवालाही घ्या.

मेन टँक 76 दिवस माशांविना ठेवा, म्हणजे तिथली पिल्लं मासा न मिळाल्याने मरतात; कंटाळा येतो पण इलाज नाही. जाळी, बादलीसुद्धा वेगळी.