जनुकांवर खापर फोडण्यापूर्वी: मायक्रोबायोम आणि ‘वैयक्तिक’ आहाराबाबतच्या या चुका टाळा

2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन संशोधकांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. एक होते पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे इंग्लंडचे डॉ. जॉन यडकिन. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक) नेमका 22.3 होता, मात्र यडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के होती. वजनकाट्याने ज्याला ‘उत्तम’ म्हणावे असा भारतीय माणूस आतून स्थूल असू शकतो, हे त्या एका पानाने दाखवून दिले. असे काही वाचले की बहुतेकांच्या तोंडून ‘म्हणजे आपली जनुकेच तशी’ हे वाक्य निघते. छायाचित्राखालचा मजकूर मात्र अधिक सावध होता. यडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिक यांचे धावणे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी आत शिरण्यापुरते आहे, अशी मिश्कील नोंद त्यात होती. जनुकांचा वाटा अजून ठरायचा आहे, असे सांगून याज्ञिक यांच्या जन्माच्या वेळच्या कमी वजनाकडेही त्यात लक्ष वेधले होते.

‘आमच्या घरातच आहे’ म्हणजे ‘आमच्या जनुकांत आहे’ असे समजणे

घरातून जनुके मिळतात तसे बरेच काही मिळते: स्वयंपाकातील तेलाचे प्रमाण, रात्रीच्या जेवणाची वेळ, आणि त्याही आधी आईच्या पोटातील नऊ महिने. 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींच्या पोषणाचा जो दीर्घ अभ्यास सुरू झाला, त्यात तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो आढळले. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. पुढे हीच मुले सहा वर्षांची झाल्यावर, ज्यांच्या आईच्या रक्तात गरोदरपणी ब12 जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्यात इन्शुलिनला (रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला) शरीराचा सर्वाधिक विरोध दिसून आला. हा वारसा आहे, परंतु तो केवळ डीएनएचा नाही.

जेथे जनुकाचा दोष स्पष्ट आहे तेथेही हात टेकण्याचे कारण नसते. टीसीएफ7एल2 या जनुकाचा एक प्रकार मधुमेहाची जोखीम निश्चितपणे वाढवतो. अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत आहार, व्यायाम आणि थोडी वजनघट यांमुळे मधुमेहाचे प्रमाण 58 टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधामुळे 31 टक्क्यांनी घटले होते; नंतर त्याच सहभागींची जनुके तपासली असता, तो प्रकार बाळगणाऱ्यांनाही जीवनशैलीतील बदलाचा लाभ झाल्याचे दिसले.

याची उलट बाजूही तितक्याच ठामपणे सांगितली पाहिजे, कारण ‘सगळे आहाराने बरे होते’ असे मानणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे. सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा जनुकीय आजार आहे आणि तो पथ्याने जात नाही. घरात तरुणपणी हृदयविकाराचा झटका आल्याचा इतिहास असेल आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, 190 च्या वर असेल, तर लसूण आणि ओट्स यांवर विसंबून औषध टाळणे धोक्याचे आहे.

अहवाल विकत घेऊन त्यावरून ताट ठरवणे

गालाच्या आतील पेशी पाठवा आणि ‘तुमच्या जनुकांना शोभेल असा’ आहार मिळवा, अशा जाहिराती आपण पाहतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने 2018 मध्ये नेमकी हीच कल्पना तपासली. 609 प्रौढांना वर्षभर कमी स्निग्धांशाचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार देण्यात आला. कोणाला कोणता आहार मानवेल हे जनुकांवरून आधी सांगता येते का, हा प्रश्न होता. सरासरी वजनघट दोन्ही गटांत जवळपास सारखी, म्हणजे 5.3 आणि 6.0 किलो भरली आणि जनुकांवरून काहीही भाकीत करता आले नाही. प्रत्येक गटात काहींचे वजन पुष्कळ उतरले आणि काहींचे वाढले, ही त्यातील खरी बोलकी गोष्ट होती.

मग जनुकांऐवजी मायक्रोबायोमची, म्हणजे आतड्यातील सूक्ष्मजीवांच्या समूहाची, तपासणी करावी, असा पुढचा मोह होतो. या समूहाचे महत्त्व वादातीत आहे. मानवी शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू राहतात, असा 2016 चा अंदाज आहे. ‘आपल्या पेशींच्या दहापट’ हा जुना आकडा त्यानंतर मागे पडला. इस्राएलमधील हजाराहून अधिक लोकांच्या 2018 च्या अभ्यासात या समूहाच्या घडणीत जनुकांचा वाटा लहान आणि आहार, औषधे, राहणीमान यांचा वाटा मोठा दिसला. त्याच वर्षी, आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या ह्मोंग आणि कारेन समाजांच्या अभ्यासात, स्थलांतरानंतर काही महिन्यांतच त्यांच्या आतड्यातील जिवाणूंचे वैविध्य घटू लागल्याचे आढळले. जनुके तीच, गाव बदलले.

परंतु समूह महत्त्वाचा असणे आणि त्याचा अहवाल वाचून सकाळचा नाश्ता ठरवता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आहार बदलला की हे चित्र काही दिवसांत हलते. त्यामुळे लग्नसराईच्या आठवड्यात दिलेला नमुना तुमच्या वर्षभराच्या आतड्याविषयी फारसे सांगत नाही. पद्धत बदलली की एकाच नमुन्याचे निकालही बदलतात. त्यातच पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांच्यासारख्या संशोधकांनी केलेल्या कामातून भारतीय आतड्यांत प्रिव्होटेला हा जिवाणूगट ठळकपणे आढळतो हे दिसले आहे. पाश्चात्त्य नमुन्यांशी तुलना करणाऱ्या अहवालाने हे ‘असंतुलन’ ठरवले, तर घाबरून जाण्यापूर्वी तुलना कोणाशी केली हे विचारावे. हे पैसे राखून ठेवून ब12, ड जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन तपासून घेणे माझ्या मते अधिक शहाणपणाचे आहे.

कॅप्सूल, दही आणि एकदम वाढवलेला चोथा

अँटिबायोटिकचा कोर्स झाला की ‘पोटातले चांगले जिवाणू परत आणायला’ प्रोबायोटिक (जिवंत जिवाणूंची कॅप्सूल किंवा पूड) घेण्याची पद्धत रूढ आहे. इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या 2018 च्या एका छोट्या अभ्यासात मात्र असे आढळले की, ज्यांनी प्रोबायोटिक घेतले त्यांचा मूळचा जिवाणूसमूह परत यायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेळ लागला. विशिष्ट परिस्थितीत डॉक्टर प्रोबायोटिक देतात आणि ते योग्यही असते. दुकानातून उचललेली प्रत्येक कॅप्सूल मात्र प्रत्येक पोटासाठी नसते. मुळात सर्दी-पडशासाठी अँटिबायोटिक मागून घेणे बंद केले, तर हा प्रश्न निम्म्याने सुटेल.

घरचे दही किंवा ताक हा सोपा मार्ग आहे, पण त्यातही एक चूक सर्रास होते. ताकाची कढी उकळली की त्यातील जिवाणू मरतात. कढी पौष्टिक असेल, परंतु जिवंत जिवाणूंसाठी ताक न तापवताच प्यावे लागते. 2021 मध्ये स्टॅनफर्डमध्येच 36 जणांवर झालेल्या प्रयोगात आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यातील वैविध्य दहा आठवड्यांत वाढले आणि दाहाशी संबंधित 19 प्रथिने घटली. केवळ तंतुमय आहार वाढवणाऱ्यांत एवढ्या काळात वैविध्य वाढले नाही. याचा अर्थ चोथा निरुपयोगी आहे असा नव्हे. मोठ्या आतड्यातील जिवाणू याच चोथ्यापासून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशींना बरीचशी ऊर्जा त्यातूनच मिळते. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी आणि कडधान्ये खाणाऱ्या घरांतही आता मैदा आणि पॉलिश केलेला तांदूळ यांचेच राज्य असेल, तर जिवाणूंना जुन्या खाद्याची पुन्हा सवय व्हायला वेळ लागतो.

म्हणूनच ‘सोमवारपासून दोन्ही वेळा उसळ आणि सॅलड’ असा निश्चय केलेल्यांचे पोट बुधवारपर्यंत फुगते आणि गुरुवारी ‘मला कडधान्य सोसत नाही’ असा निकाल लागतो. सुरुवात मुगाच्या पातळ आमटीने करावी, मग मोड आलेली मटकी, आणि राजमा किंवा छोले सर्वांत शेवटी. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे, मोड आणून नीट शिजवावे आणि पाणी पुरेसे प्यावे. तीन-चार आठवड्यांनंतरही कांदा, लसूण, गहू आणि राजमा यांनीच त्रास होत असेल, तर इरिटेबल बॉवेलची (आतडे अतिसंवेदनशील होण्याच्या विकाराची) शक्यता डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. दुधाने पोट बिघडते पण दह्याने नाही, असे असेल तर बहुधा लॅक्टोजचा, म्हणजे दुधातील साखर न पचण्याचा, प्रश्न असतो. विरजणातील जिवाणूंनी त्या साखरेचा काही भाग आधीच पचवलेला असतो.

एका आकड्यावरून निकाल देणे

वाइझमन संस्थेतीलच एरान सेगल आणि एरान एलिनाव या संशोधकांच्या गटाने 2015 मध्ये 800 लोकांच्या जेवणानंतरच्या साखरेचा माग घेतला, तेव्हा एकाच पदार्थाने वेगवेगळ्या लोकांची साखर वेगवेगळी वाढते हे ठसठशीतपणे दिसले. कोणाला केळे जड गेले, कोणाला बिस्किट. पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजचे संशोधक टिम स्पेक्टर यांच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात एकसारख्या जुळ्यांचे प्रतिसादही जुळले नाहीत. ‘वैयक्तिक पोषण’ या कल्पनेचा पाया तो हाच. परंतु त्याच माणसाने तेच जेवण पुन्हा घेतले तरी आकडा हलतो, आणि ही बाब (साखर सतत मोजणारे, दंडावर चिकटवायचे) सेन्सर विकणाऱ्यांच्या जाहिरातीत सहसा नसते.

घरच्या ग्लुकोमीटरला 100 च्या वरच्या आकड्यात 15 टक्क्यांपर्यंत फरकाची मुभा असते, म्हणजे खरी साखर 140 असताना यंत्र 119 ते 161 यांमधील काहीही दाखवू शकते. त्यातच आंबा चिरलेल्या हाताने थेंब काढला, तर बोटावरची साखरही मोजली जाते. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. स्वतःवर प्रयोग करायचाच असेल, तर एकच नाश्ता वेगवेगळ्या दिवशी घ्यावा, पहिल्या घासानंतर दोन तासांनी मोजावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी: नुसते पोहे, मग मोड आलेल्या मटकीसह तेवढेच पोहे, मग तेच खाऊन पंधरा मिनिटे चालणे. फरक दर वेळी त्याच दिशेने दिसला, तरच तो तुमचा फरक मानावा. ज्यांना मधुमेह नाही, त्यांना दंडावर सेन्सर चिकटवण्याची गरज मला तरी दिसत नाही.

ताटाकडे पाहताना घड्याळ विसरले जाते. कर्जत किंवा विरारहून मुंबईला लोकलने ये-जा करणारा माणूस रात्री दहाला पोटभर जेवून अकराला झोपतो. तेच जेवण सायंकाळी घेतले असते तर साखर कमी वाढली असती. कार्यालयातून निघताना भाकरी-उसळ आणि घरी पोचल्यावर हलके काही, हा बदल गैरसोयीचा वाटला तरी भात सोडण्यापेक्षा तो अनेकांना टिकवता येतो.

एवढे सगळे करूनही एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) उतरत नाही आणि घरातील जेवणापूर्वीचे व नंतरचे आकडे मात्र चांगले आहेत, अशी तक्रार असेल, तर आहाराला दोष देण्यापूर्वी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) पाहावे. लोहाच्या कमतरतेत एचबीए1सी प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते आणि आपल्याकडील स्त्रियांमध्ये ती कमतरता सर्रास असते. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असणाऱ्यांत तर हा आकडा दोन्ही बाजूंनी फसवू शकतो. अशा वेळी औषधाची मात्रा वाढवण्यापूर्वी फ्रुक्टोसामाइन (हिमोग्लोबिनवर अवलंबून नसलेली, गेल्या दोन-तीन आठवड्यांची साखर दाखवणारी) ही चाचणी करता येईल का, असे डॉक्टरांना विचारावे.