घरून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवायचा असेल तर तयारी ऑफिसातच करा

घरून जोडणी होत नाही तेव्हा घोळ बहुतेक वेळा ऑफिसच्या टोकाला असतो. मशिन स्लीपमध्ये गेलेलं असतं, वीज जाऊन आलेली असते किंवा पासवर्ड चालत नाही. घरी बसून यातलं काहीच दुरुस्त करता येत नाही, म्हणून सगळी जुळणी आणि पहिली चाचणी ऑफिसमध्येच उरका. पुढची पद्धत विंडोज ११ वापरणाऱ्या छोट्या ऑफिससाठी आहे. मोठ्या कंपनीत असाल तर आयटी विभागाला विचारा आणि त्यांनी दिलेलंच व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित खाजगी जोडणी) वापरा.

आधी सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे विंडोजची आवृत्ती बघा आणि कॉम्प्युटरचं नाव टिपून ठेवा. ऑफिसच्या मशिनवर 'प्रो' लागतं. रिमोट डेस्कटॉप म्हणजे दुसऱ्या जागेवरून कॉम्प्युटर चालवायची विंडोजमधली सोय; 'होम'वर ती बाहेरून जोडू देत नाही. घरच्या लॅपटॉपवर मात्र होम असलं तरी चालतं. मग सिस्टिममधलंच रिमोट डेस्कटॉप चालू करा आणि नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशनची (जोडणीआधीच पासवर्ड तपासण्याची) खूण तशीच ठेवा.

बाहेरून जोडता यावं म्हणून इथे बरेच जण राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, इंटरनेटसाठी उघडतात. ते कधीही करू नका. उघडा पोर्ट शोधून पासवर्ड मारून बघणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात आणि रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) याच दाराने आत येतं. २०१९ मध्ये सापडलेल्या 'ब्लूकीप' त्रुटीत तर विंडोज ७ सारख्या जुन्या मशिनमध्ये शिरायला पासवर्डही लागत नव्हता.

त्याऐवजी दोन्ही मशिनवर टेलस्केल हा मशिनांमध्ये खाजगी जोडणी करणारा प्रोग्रॅम बसवा आणि एकाच खात्याने लॉगिन करा. ऑफिसच्या मशिनला १०० ने सुरू होणारा पत्ता मिळेल, तो लिहून घ्या. राउटरला हात लावावा लागत नाही. दोन गोष्टी लगेच करा. ऑफिसच्या मशिनवर 'रन अनअटेंडेड' चालू करा, नाहीतर रीस्टार्टनंतर कोणी लॉगिन करेपर्यंत टेलस्केल जोडलं जात नाही. दुसरं म्हणजे, त्या मशिनची की (टेलस्केलमधली ओळख) साधारणपणे १८० दिवसांनी संपते; टेलस्केलच्या वेबसाइटवरच्या ॲडमिन पानावर जाऊन 'की एक्स्पायरी' बंद करा. सहा महिने सुरळीत चाललेली जोडणी एका सकाळी अचानक बंद पडते, त्यामागे अनेकदा हेच असतं.

आता वीज. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा. मॉनिटर बंद झाला तरी हरकत नाही. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मशिनच्या सेटिंगमध्ये), वीज परत आल्यावर मशिन आपोआप सुरू होण्याची सेटिंग असते. तिचं नाव मदरबोर्डाप्रमाणे बदलतं, पण त्यात बहुधा 'एसी पॉवर' हे शब्द असतात. ती 'ऑन' करा. राउटरही यूपीएसवर घ्या. मशिन सुरू आणि राउटर बंद असेल तर सगळं फुकट.

चाचणीसाठी घरचा लॅपटॉप ऑफिसात आणा आणि ऑफिसच्या वायफायवर नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडा. रिमोट डेस्कटॉप कनेक्शन उघडून तो १०० वाला पत्ता टाका. रोजचा चार आकडी पिन इथे चालत नाही, खात्याचा पासवर्डच लागतो. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर युजरनेमच्या जागी ईमेल द्या. पासवर्ड बरोबर असूनही नाकारला, तर ऑफिसच्या मशिनवर एकदा पिनऐवजी पासवर्डने लॉगिन करा आणि मग पुन्हा बघा. जोडणी झाली की समोरचा ऑफिसचा स्क्रीन लॉक होतो. तसं दिसलं की काम झालं. ऑफिसचं मशिन रीस्टार्ट करा, लॉगिन न करता तसंच सोडा आणि पुन्हा जोडून बघा. ही दुसरी चाचणी टाळू नका.

घरून वापरताना कंट्रोल-ऑल्ट-डिलीटच्या जागी कंट्रोल-ऑल्ट-एंड दाबा. घरच्या प्रिंटरवर छापायचं असेल तर जोडण्याआधी 'लोकल रिसोर्सेस'मध्ये प्रिंटर्सवर खूण करा. काम संपलं की वरच्या पट्टीतल्या फुलीने खिडकी बंद करा. आतले प्रोग्रॅम चालू राहतात. सवयीने शट डाउन दाबलंत तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी ऑफिसला जाऊन बटण दाबेपर्यंत मशिन बंदच.